सूर्य न मावळणाऱ्या गावी

चौविहाराचे पच्चक्खाण मी घेतले ते लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी, चातुर्मासात. त्याला आता एकतीस वर्षे झाली. या काळात दोन बाळंतपणे झाली, सासूबाईंचे दीर्घ आजारपण झाले, कितीतरी प्रवास झाले. नियम मोडला नाही. मात्र या नियमाबरोबर आमच्या घरात दुसरीही एक गोष्ट रुजली आणि तिच्याकडे आम्हा दोघांचेही लक्ष कधी गेले नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी समोरासमोर बसून संध्याकाळचे जेवण कधी घेतलेच नव्हते.

पहिली चार वर्षे एकत्र कुटुंबाची होती. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांची पंगत बसे. पुढे माझा चौविहार सुरू झाला आणि मी सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळी होऊ लागले. ह्यांचे नगरच्या आडते बाजारात भुसार मालाचे दुकान. शेवटचे गिऱ्हाईक, रोजमेळ, गल्ल्याचा हिशेब, कुलूप आणि मग घर, असे करता करता रात्रीचे नऊ वाजत. मी झाकलेले ताट उघडून पुढे ठेवी आणि समोर बसे. सुटीच्या दिवशी वसुली असे, नाहीतर संघाची सभा असे. आणि नऊची भूक एकदा अंगवळणी पडली की ती सुटीच्या दिवशीही नवालाच लागते. महाराजसाहेबांच्या दर्शनाला गेलो तर जेवण संघाच्या पंगतीत. असे करत पस्तीस वर्षे सरली.

आमची मुलगी नोकरीनिमित्त नॉर्वेमध्ये, ऑस्लो येथे राहते. गेल्या वर्षी जून महिन्यात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले. येण्यापूर्वीच तिने फोनवर बजावले होते, "आई, इथे जूनमध्ये रात्री साडेदहानंतर सूर्य मावळतो. तुझा चौविहार इथे अगदी सोपा आहे." मग हसून म्हणाली, "डिसेंबरात मात्र सव्वातीनलाच मावळतो." ऑस्लोपर्यंतचा हिशेब मला समजत होता. परंतु आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून तिने आम्हा दोघांसाठी तीन दिवसांची वेगळी सहल ठरवली होती आणि ती लोफोतेन बेटांची होती. उत्तरध्रुववृत्ताच्याही उत्तरेला असलेल्या या बेटांवर मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे उन्हाळ्यात तिचा उत्तरेकडचा माथा सतत सूर्याकडे राहतो, हे आपण शाळेत भूगोलात शिकलेलो असतो. पण ज्याचा चौविहार आहे त्याच्यासाठी हा भूगोलाचा प्रश्न राहत नाही. सूर्यच मावळणार नसेल तर मी जेवण थांबवायचे कधी? निघण्यापूर्वी स्थानकात जाऊन महासतीजींना विचारले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "जिथे सूर्याचा भरवसा नाही, तिथे आपली मर्यादा आपणच बांधून घ्यावी. आणि एकदा बांधली की मोडू नये." मी घड्याळाची मर्यादा घेतली. नगरला जूनमध्ये सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. जिथे असेन तिथल्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली की माझा सूर्यास्त.

ऑस्लोहून विमानाने आम्ही बूडे नावाच्या बंदरगावी उतरलो आणि रात्री तिथेच मुक्काम केला. 'रात्री' हा शब्द केवळ सवयीने लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्कामाच्या स्वयंपाकघरात मी मुगाची उसळ केली, पाणी उकळून थर्मासात भरले. दशम्या आणि तिळाची चटणी मुलीकडूनच करून आणली होती. मुलीने ठरवून दिलेली भाड्याची मोटार दारात उभी होती. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याने चालायचे उजवीकडून. साठी ओलांडलेल्या आणि आयुष्यभर नगर-पुणे रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाच्या दृष्टीने सारेच उलटे. मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत होते. शेवटी हे वैतागून म्हणाले, "अगं, नवकार म्हण. तोही तितकाच उपयोगी पडेल आणि पुण्यही लागेल."

बंदरावर बोटीचे पुढचे तोंड उघडले आणि आमच्या पुढच्या मोटारी एकामागून एक त्यात शिरू लागल्या. आत पिवळे जाकीट घातलेला एक तरुण हाताच्या खुणांनी प्रत्येकाला जागा दाखवत होता. पुढच्या मोटारीला जवळजवळ चिकटून गाडी उभी करायची, हातब्रेक ओढायचा आणि जिन्याने वर जायचे. ह्यांचे सारे लक्ष गाडी नीट लावण्याकडे आणि माझे सारे लक्ष ह्यांच्याकडे. वर जाऊन खिडकीशी बसलो, बोट सुटली, आणि घोषणा झाली की प्रवास संपेपर्यंत मोटारींचा मजला बंद राहील. तेव्हा माझ्या ध्यानात आले की डबा आणि थर्मास दोन्ही खाली गाडीतच राहिले आहेत.

बोट सव्वातीन तासांची. नवकारशी पाळून न्याहारी बोटीतच करायची, असे ठरले होते. उपाहारगृहात गेलो तर तिथे माशांचे सूप होते आणि अंड्याच्या पिठाचे गरम वॉफल. मी काउंटरपाशी उभी राहून एकेक पदार्थाची चौकशी करत होते आणि मागे रांग वाढत होती. अखेर दोन केळी आणि बिनदुधाचा चहा घेऊन परतलो. हे काही बोलले नाहीत. एरवी बोलले असते. त्यांची अडचण वेगळी होती. लांदेगोदे बेटाचा डोंगर मागे पडला तशी मोबाइलची रेंज गेली आणि सकाळपासून तीनदा दुकानात फोन करणारा माणूस एकाएकी मोकळा झाला. ते फोन खिशातून काढत, पाहत आणि परत ठेवत. हा क्रम त्यांनी किती वेळा केला ते मी मोजले नाही, पण दोन केळी संपेपर्यंत तो चालू होता.

बोट ओलांडते त्या समुद्राला वेस्टफियोर्ड म्हणतात. नाव खाडीचे असले तरी हा खुला समुद्र आहे आणि त्या दिवशी तो शांत होता, हे आमचे भाग्य. दीड-दोन तासांनी समोर क्षितिजावर करड्या रंगाची एक रेघ दिसली. जवळ जाऊ लागलो तशी तिची दातेरी भिंत झाली. समुद्रातून सरळ वर उठलेले काळे सुळके, एकाला एक लागून, दृष्टी पोहोचेल तिथवर. या देखाव्याला तिकडचे लोक लोफोतेनची भिंतच म्हणतात. एवढ्या उत्तरेला असूनही हा समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उष्ण प्रवाह इथवर येऊन पोहोचतो.

मुलीने माहितीची काही पाने छापून दिली होती. त्यातली एक हकीकत ह्यांना फार आवडली. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा एक व्यापारी १४३१ साली क्रीट बेटावरून दारू आणि मसाल्याचा माल घेऊन फ्लँडर्सकडे निघाला. वादळात त्याचे जहाज भरकटले, निकामी झाले. बहुतेक माणसे दगावली. जी मोजकी वाचली ती होडीतून वाहत वाहत १४३२ च्या जानेवारीत याच समुद्रातल्या रोस्ट बेटांच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले, जगवले आणि उन्हाळा लागताच मायदेशी रवाना केले. जाताना क्वेरिनीने तिथले वाळवलेले मासे सोबत नेले. त्या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आजही इटलीच आहे. आम्हाला तो माल वर्ज्य. परंतु सर्वस्व बुडालेल्या परक्या व्यापाऱ्याला अनोळखी माणसांनी घरात ठेवून घेतले, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या घरात ऐकताना वेगळीच लागते. हे बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "माल बुडाला तर तीन वर्षांत भरून निघतो. माणसांनी दार उघडलं नाही, तर मात्र काही उरत नाही."

दुपारी मोस्केनेस या धक्क्याला बोट लागली. गाडीत बसताच मी आधी डबा उघडला. त्या दशमीची चव अजून जिभेवर आहे.

इथून ई-१० हा महामार्ग सुरू होतो तो पार स्वीडनपर्यंत जातो. त्याचे या बाजूचे टोक मोस्केनेसपासून पाचेक किलोमीटरवर एका लहानशा गावात आहे. गावाचे नाव एकाच अक्षराचे, उच्चार साधारण 'ऑ' असा. ते नॉर्वेजियन वर्णमालेतले शेवटचे अक्षर आहे आणि त्याचा अर्थ ओढा. आपली बाराखडी 'अ'ने सुरू होते आणि यांचा रस्ता 'ऑ'वर संपतो, असे म्हणत हे गाडीतून उतरले. समोर पाण्यात खांबांवर उभी केलेली लाल लाकडी घरे, मागे ताशीव डोंगर, आणि सगळीकडे एक उग्र वास.

वास होता वाळत घातलेल्या माशांचा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कॉड मासे उत्तरेकडच्या थंड समुद्रातून अंडी घालण्यासाठी इथे येतात. ते पकडून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर उघड्या हवेत टांगून वाळवतात. जूनपर्यंत बराचसा माल उतरवून झालेला असतो. आम्ही गेलो तेव्हा काही मांडवांवर मुंडक्यांच्या माळा अजून लटकत होत्या. ती मुंडकीही नायजेरियाला विकली जातात. मी तोंडाला पदर लावून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला झाले. मनात जे आले ते लिहायला हवे. दया नंतर आली. आधी आली ती घृणा, आणि त्या लोकांविषयीचा तुच्छभाव.

हे मात्र एका फलकासमोर थांबून वाचत होते. वाळलेल्या माशांच्या वीसच्या आसपास प्रती असतात. प्रत ठरवणारा जाणकार माणूस हाताने, डोळ्यांनी आणि नाकाने माल पारखतो आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. "अगं, हे तर आपल्यासारखंच," असे म्हणत त्यांनी नकळत उजवा हात पुढे केला. तूरडाळीचा नमुना तळहातावर घेऊन, अंगठ्याने चोळून, नाकाशी नेऊन प्रत सांगण्याची त्यांची ती हालचाल मी हजार वेळा पाहिली आहे. मग आपण कशासमोर उभे आहोत ते ध्यानात येऊन तो हात त्यांनी तसाच मागे घेतला आणि खिशात घातला.

परत गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "इथे ज्वारी-बाजरी पिकत नाही. ही माणसं काय खात असतील हजार वर्षं?" मी म्हणाले, "म्हणून हिंसा ही हिंसा राहत नाही का?" ते म्हणाले, "राहते. पण आपण नगरला जन्मलो हे आपलं कर्तृत्व नाही." मला उत्तर सुचले नाही. जीवदयेचा आपला आग्रह यत्किंचितही सैल करण्याचे कारण नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. परंतु दया मुक्या जीवांपाशी थांबते आणि माणसांपर्यंत पोहोचत नाही, असे तर आपले होत नाही ना, हा प्रश्न त्या रस्त्यावर माझ्यापुढे प्रथम उभा राहिला.

रैने आणि हामनोय ही गावे म्हणजे या बेटांची सर्वांत देखणी बाजू. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारे अरुंद पूल, खाली काचेसारखे हिरवे पाणी, आणि पाण्यात उलटे पडलेले डोंगर. पलीकडून मोटार येत असली की थांबायचे, वाट द्यायची, हात वर करून नमस्कार घ्यायचा. हॉर्न वाजवलेला दिवसभरात एकदाही ऐकला नाही. आम्ही गाडी लावून दोन तास नुसते पायी हिंडलो. मात्र रेंज परत आल्यामुळे ह्यांचा फोन पुन्हा सुरू झाला होता. आवक किती, हरभरा काय भावाने गेला, अमुक पार्टीची उधारी आली का.

साडेपाच वाजता मुलाचा फोन आला. नॉर्वेचे उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे नगरला रात्रीचे नऊ वाजले होते. मुलगा म्हणाला, "पप्पा, दुकान बंद केलं. रोजमेळ जुळला. एक रुपयाचाही फरक नाही. आता उद्या बोलू." फोन ठेवल्यावर हे काही क्षण हातातल्या मोबाइलकडे पाहत राहिले. दुकान बंद झाले होते आणि त्यांच्यासमोर अजून अख्खा दिवस उरला होता. असे त्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी घडले नव्हते. मुलाचा हिशेब आपल्यावाचून जुळला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि आणखीही काहीतरी होते, ज्याला आनंद म्हणता येणार नाही.

गाडी पुढे निघाली. राम्बर्ग नावाच्या गावी रस्त्याला लागूनच पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. तिथे यांनी न विचारता गाडी कडेला घेतली. घड्याळात साडेसहा झाले होते. म्हणाले, "तुझा सूर्यास्त व्हायला चाळीस मिनिटं आहेत. डबा काढ."

मी डबा काढला आणि सवयीने एकच ताटली मांडली. "दुसरी?" ते म्हणाले. मी म्हणाले, "तुम्हाला आत्ता कुठे भूक असेल? तुमचं रात्री गरम करून देईन." ते म्हणाले, "दुकान बंद झालंय. आता मी कशासाठी थांबू?"

मी दुसरी ताटली काढली. मुगाची उसळ, दशम्या, तिळाची चटणी, वाटेतल्या दुकानातून घेतलेले दही आणि थर्मासातले कोमट पाणी. सूर्य डोक्यावर नव्हता, पण समुद्रावर चांगला उंच होता. गार वारा सुटला होता म्हणून दोघांनी एकच शाल पायांवर घेतली होती. पस्तीस वर्षांत प्रथमच मी वाढून झाल्यावर समोर बसून नुसती पाहत राहिले नाही, तर जेवले.

जेवण होत आल्यावर ते समुद्राकडे पाहत म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस. रात्री नवाला घरी यायचो तेव्हा ते झाकलेलं ताट पाहून मला भीती वाटायची." मी चमकून पाहिले. "तू समोर बसायचीस. कधी काही बोलली नाहीस. पण मला रोज वाटायचं, मी चोरून खातोय."

मला एकदम काही बोलता आले नाही. मी त्यांना चौविहाराचा आग्रह एकदाही केला नव्हता, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. मैत्रिणींना मी तसे सांगतही असे. पण आग्रह न करता समोर बसून राहणे, हाही एक आग्रहच होता की काय? माझा नियम मी माझ्या आत्म्यासाठी घेतला होता, हे खरे. परंतु रोज रात्री नऊ वाजता, ते ताट उघडताना, मी तो त्यांच्या नावे लिहीत होते. एकतीस वर्षांची ती उधारी मी कधी मागितली नाही, पण खोडूनही टाकली नाही. व्यापाऱ्याच्या घरातली मी, मला हे कळायला हवे होते.

सात वाजून दहा मिनिटांनी मी पच्चक्खाण घेतले. शेजारी यांनीही हात जोडले. मी पाहिले, पण काही विचारले नाही.

पुढे समुद्राखालून जाणारा एक बोगदा लागतो, सुमारे १.८ किलोमीटरचा. रस्ता खाली खाली उतरतो, डोक्यावर समुद्र आहे या विचाराने छाती धडधडते, आणि मग रस्ता पुन्हा वर येऊन दुसऱ्या बेटावर उजेडात निघतो. लेकनेस या गावाजवळ आमचा मुक्काम होता. पूर्वी मासेमारीच्या हंगामात कोळ्यांना राहण्यासाठी बांधलेली पाण्यावरची लाल घरे आता प्रवाशांना भाड्याने देतात. घराची मालकीण सत्तरीची असावी. आम्ही मासे-मांस खात नाही हे मुलीने आधीच कळवले होते. तिने आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन एक पातेले आणि एक तवा दाखवला. दोन्ही कोरे, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. "यात कधीच मासे शिजलेले नाहीत," ती म्हणाली. दुपारी याच लोकांविषयी माझ्या मनात काय आले होते ते आठवून माझी मान खाली गेली.

तिने कॉफी आणि केक पुढे केला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की सूर्यास्तानंतर आम्ही अन्नपाणी घेत नाही. तिने खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिले आणि ती मनापासून हसली. "मग तुम्ही जुलैच्या मध्यापर्यंत खाऊ शकता!" पुढच्याच क्षणी तिच्या मनात दुसरा विचार आला असावा. "पण डिसेंबरात काय कराल? तेव्हा इथे तीन-चार आठवडे सूर्य उगवतच नाही."

मी उत्तर शोधत होते, तोवर हेच म्हणाले, "म्हणूनच जूनमध्ये उचल घेत नाही. डिसेंबरात फेडायला लागेल." मी त्याचे इंग्रजी जमेल तसे करून सांगितले. तिला ते फार पटले. म्हणाली, "आम्हीही सूर्यावर विसंबत नाही. मुलं लहान होती तेव्हा रात्री आठ वाजता काळे पडदे ओढून त्यांना सांगायचे, रात्र झाली. बाहेर ऊन असे. पण आम्ही ठरवली की ती रात्र."

महासतीजींनी स्थानकात जे सांगितले होते, तेच ही बाई उत्तरध्रुववृत्तापलीकडे, स्वतःच्या मुलांविषयी सांगत होती. तिला अर्थातच त्याची कल्पना नव्हती.

मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा तर उत्तरेकडे मोकळा समुद्र हवा, कारण या वेळी तो थेट उत्तर दिशेला असतो. त्यासाठी बारा-तेरा किलोमीटरवरच्या उत्ताक्लाइव्ह या किनाऱ्यावर जावे लागते. अरुंद रस्ता, वाटेत एक लहान बोगदा, आणि समोरून गाडी आली तर थांबण्यासाठी ठिकठिकाणी निळ्या पाटीवर 'एम' अक्षर लिहिलेल्या जागा. दिवसभराच्या सरावाने ह्यांचा हात बसला होता. मी "उजवीकडे" म्हणणे बंद केले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

किनाऱ्यावरच्या गवतात लोकांनी तंबू ठोकले होते. रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मुले चेंडू खेळत होती. कुणी चुलीवर काहीतरी शिजवत होते. मेंढ्या चरत होत्या. सूर्य समुद्रावर हातभर उंचीवर होता आणि सारे पाणी तांब्याच्या परातीसारखे झाले होते. तिकडचे उन्हाळी घड्याळ तासभर पुढे असल्यामुळे सूर्य सर्वांत खाली येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. मी एका सपाट दगडावर आसन घातले, मुहपत्ती बांधली आणि सामायिक घेतले. जवळून जाणाऱ्या एका मुलाने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या आईला काही विचारले. मास्क पाहण्याची आता साऱ्या जगाला सवय झाली आहे. ती दोघे शांतपणे पुढे गेली.

सामायिकाची ती अठ्ठेचाळीस मिनिटे मी विसरणार नाही. नेहमी मी स्तोत्रे म्हणते, माळ फिरवते. त्या दिवशी एकच गोष्ट वारंवार येत राहिली. ते नवाचे ताट. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना आपण रोज खमावतो. जो जीव पस्तीस वर्षे समोर बसून जेवला, त्याला मी कधी खमावले? संवत्सरीला खमावले होते, पायाही पडले होते, पण कशासाठी ते मला ठाऊक नव्हते. मी बसले तेव्हा सूर्य उतरत होता. सामायिक पाळून उठले तेव्हा तो समुद्राला न टेकता पुन्हा वर चढू लागला होता.

हे गाडीला टेकून उभे होते. जवळ जाऊन मी हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." त्यांनी विचारले, "आज? संवत्सरीला अजून अडीच महिने आहेत." मी म्हणाले, "ताटाबद्दल." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीही हात जोडले. "माझंही. चार वेळा तरी लवकर येता आलं असतं. दुकान काही पळून जात नव्हतं." आणि गाडीचे दार उघडत म्हणाले, "बस आता. घड्याळात रात्र झाली आहे, झोपायला हवं."

या गोष्टीला आता वर्ष होत आले. ह्यांनी चौविहाराचा कायमचा नियम घेतला, असे लिहायला मला आवडले असते, पण ते खरे नाही. हंगामात अजूनही नऊ वाजतात. मात्र आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शनिवारी, मुलगा दुकान बंद करतो आणि हे साडेसहाच्या आत घरी येतात. त्या दिवशी आम्ही दोघे एकत्र जेवतो. उरलेल्या दिवशी मी आजही ताट वाढते आणि समोर बसते. आता मात्र आम्ही बोलतो. बाजारभाव, नातवाची शाळा, मुलीचा फोन. हे सावकाश जेवतात.

घराच्या गच्चीवरून सूर्य मावळताना दिसतो. रोज मावळतो, अगदी वेळेवर. त्याची ही शिस्त आपल्याला किती सोपी करून मिळाली आहे, हे मला त्या दिवसापूर्वी कधी जाणवले नव्हते.